बाभळ नावाची फणी

अंबाडीचे दोर घरोघरी वळले जायचे, तेव्हाची गोष्ट. दोर वळण्याआधी भागूआत्या अंबाडीचे धागे फणीवरून ओढून विंचरायची. फळीत बाभळीचे काटे रोवून केलेली ती फणी, म्हणून घरात तिला ‘बाभळ’च म्हणत. आता तिचे निम्मे दात पडले होते आणि ती खुंटीला टांगलेली असे.

लोहाराकडून नवी लोखंडी फणी आली. तिलाही सगळे बाभळच म्हणू लागले. ती फणकारली, “मी भट्टीतून आलेय. या बोळकीचं नाव मला कशाला? माझा एकही दात हलत नाही.”



त्याच दिवशी अंबाडीत गाठ अडली. लोखंडी दात ताठ राहिले आणि धाग्यांची अख्खी बट तुटून पडली. आत्याने जुनी फणी काढली. पुढच्या गाठीला तिचा एक काटा मोडला, पण धागे अखंड निघाले.

“तुझे दात असे गेले होय?” लोखंडी फणीने हळूच विचारलं.

“दोराला धरून माणूस विहिरीत उतरतो, पोरी. धागा तुटण्यापेक्षा दात गेलेला बरा,” जुनी म्हणाली.

सकाळी आत्या इकडेतिकडे बघत म्हणाली, “बाभळ कुठं ठेवली मी?”

“बाभळ तीच, ती खुंटीवर आहे,” लोखंडी फणी म्हणाली.