तांब्यातलं वऱ्हाड

एका गावात एक भोळा गेनू होता. सांगाल तेवढंच करायचा, पण तेवढं मात्र करायचाच.

त्याच्या मामाच्या पोरीचं, चंपाचं, लग्न निघालं. मोठ्या मुश्किलीनं जमलेलं. मामाचा जीव टांगणीला लागलेला. सकाळी भटजींनी पाटावर सुपारी मांडली.

"गेनू, गणपतीला नमस्कार कर."

"ही तर सुपारी!"

"अरे, मानलं की झालं," मामा म्हणाला. गेनूनं मानलं.

मग मामानं त्याला मांडवाच्या दारात बसवलं. "आचाऱ्याला माणसांचा हिशेब हवाय. माणूस आत आला की तांब्यात एक सुपारी टाक. हिशेबाला डोकं लागत नाही."

"मग मला जमेल," गेनू म्हणाला.

माणसं आली, सुपाऱ्या पडल्या. पाय धुवायला बाहेर जाऊन तीच माणसं परत आली, पुन्हा पडल्या. तांब्या शिगोशीग आणि मांडव अर्धा रिकामा! मामानं कपाळावर हात मारला.

"येड्या, माणूस बाहेर गेला की सुपारी काढायची. मांडवात आणि तांब्यात फरक पडता कामा नये!"

गेनूनं सगळं नीट जुळवलं. तेवढ्यात नवरदेवाचे काका आले आणि तांब्यातली एक सुपारी उचलून त्यांनी तोंडात टाकली. पडला ना फरक! गेनूनं काकांना दंडाला धरून बाहेर काढलं.

"अरे, मी वरपक्षाचा!"

"असाल. पण आत्ताच तुम्ही स्वतःला खाल्लंत."

काका जे फुगले ते फुगले. मामा धावत आला, त्यांच्या पाया पडला, गेनूवर खेकसला. "गाढवा, माणूस कशाला काढलास? कमी पडली तर दुसरी टाकायची, की झालं! माझ्या पोरीचं वाटोळं करू नकोस रे." आणि भात बघायला मागं पळाला.

काकांचा राग काही उतरेना. त्यांनी नवरदेवाला उठवलं आणि सगळं वऱ्हाड चालतं झालं. एकेक जण बाहेर पडला, गेनूनं एकेक सुपारी काढली. तांब्यात कमी पडल्या. मग त्यानं सगळ्या परत टाकल्या. झालं!

मामानं मागूनच हाक दिली, "वऱ्हाड आहे ना रे?"

"आहे की!"

"नवरदेव बसला का पाटावर?"

गेनूनं तांब्यात हात घातला, पाटाशी जाऊन जराशी खटपट केली. "बसला!"

आचाऱ्यानं तांब्या बघून भात उतरवला. भटजींना मोतीबिंदू. अंतरपाट धरला, मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, अंतरपाट सरला. चंपा हार घेऊन उभी. समोरच्या पाटावर एक सुपारी, तिला इवल्याशा मुंडावळ्या.

"नवरदेव कुठंय?" भाताकडून धावत आलेला मामा किंचाळला.

"असं काय करता मामा? सकाळी देव बसवला तेव्हा तुम्हीच म्हणालात, मानलं की झालं. हा तर नुसता जावई! चंपे, घाल हार."