कोंबड्यासह केलेला अर्ज

विषय : टेकडीवरच्या दर्ग्यात शिष्य म्हणून कायम राहू देणेबाबत.
संदर्भ : श्री. इंगवले यांनी फकीर करीमशाह यांच्याकडे तोंडी, एका झुंजीच्या कोंबड्यासह केलेला अर्ज.

"पण जाळी कशाला, बाबा?"

इंगवल्यांच्या आवाजात अपमान होता. पंचक्रोशीत गाजलेला कोंबडा त्यांनी स्वतःसकट बाबांच्या पायाशी वाहिला होता. आणि बाबांनी तो उचलून अंगणाच्या मधोमध जाळीच्या खुराड्यात कोंडला होता. भोवती लोकांनी नवसाला सोडलेल्या कोंबड्या, बदकं आणि एक थोराड टर्की आपापले दाणे टिपत होते.

"त्यानं सगळ्यांना बघावं. सगळ्यांनी त्याला बघावं."

"किती दिवस?"

"कंटाळा येईपर्यंत."

"माझा कोंबडा कुणाला भीत नाही."

"म्हणूनच जाळी, बेटा."

बाबा नमाजाला गेले. इंगवल्यांना संयम शिकायचा होताच, पण जरा लवकर. त्यांनी कडी काढली.

कोंबडा बाहेर आला. मानेची पिसं ताठ झाली. टर्कीनं पंख फुगवले, एक पाऊल पुढे टाकलं... आणि मागे घेतलं. अंगण चिडीचूप झालं.

मग कोंबडा उडाला. टर्की हटली. मधे सापडलं ते बदक. त्याला ना उडता येईना, ना पळता. पांढऱ्या मानेवर लाल ओघळ आला.

बाबा दारात येऊन उभे राहिले होते.

"बाबा, धरा त्याला. मारून टाकील तो."

"कडी कुणी काढली?"

"मी."

"मग जा."

इंगवले धावले. कोंबड्यानं धन्याला ओळखलं नाही. किंवा ओळखलं असावं. तळहात मनगटापर्यंत फाटला. दुसरा वार बदकाच्या डोळ्यावर जाणार, तोच इंगवल्यांनी डोक्याचा फेटा ओढून कोंबड्यावर टाकला. अंधार होताच तो जागीच बसला.

बाबा बदक मांडीवर घेऊन हळद दाबत होते.

"माझाही हात फाटलाय, बाबा."

"दिसतंय."

"मग... माझं काय?"

बाबांनी बदकाची मान हलकेच वळवून दुसऱ्या बाजूची जखम पाहिली.

बदक जगलं. अर्ज अद्याप प्रलंबित आहे. इंगवले दर गुरुवारी उघड्या डोक्यानं टेकडी चढून चौकशी करतात, आणि बाबांचं उत्तर ठरलेलं आहे.

"कोंबडा राहील. तुझं बघू."