कापऱ्या हातातला खुळखुळा

फार दूर, मोठमोठ्या सरोवरांच्या देशात, इरोक्वॉय नावाच्या आदिवासी लोकांच्या एका गावात एक भित्रा माणूस राहायचा. झाडावरून पान पडलं तरी दचकायचा. त्याचा शेजारी मात्र शिकारी, अस्वलालाही न घाबरणारा.

एकदा भित्र्याला कडक ताप भरला. गावच्या रीतीप्रमाणे दुखणी काढणारे मुखवटेवाले आले. जिवंत झाडाच्या खोडात कोरून काढलेले ते मुखवटे. नाक वाकडं, तोंड एका बाजूला ओढलेलं. ते रांगत घरात शिरले, कासवाच्या पाठीचे खुळखुळे वाजवले आणि चुलीतली गरम राख ओंजळीत घेऊन त्याच्या डोक्यावर फुंकली. भित्र्याने डोळे गच्च मिटून घेतले होते. पण ताप उतरला.

खरी पंचाईत पुढेच होती. मुखवट्यांनी ज्याला बरं केलं, त्याने पुढे स्वतः मुखवटा घालून इतरांकडे जायचं, अशी तिथली रीत.

शिकारी खूप हसला. "तू मुखवटा घालणार? म्हणजे सशाने अस्वलाचं कातडं पांघरायचं."

थोड्याच दिवसांत एक लहान मुलगी तापाने फणफणली. दोन दिवस तिच्या पोटात पाणीही ठरेना. बोलावणं आलं तसा भित्रा मुखवटे सांभाळणाऱ्या म्हातारीकडे धावला. ती एका मुखवट्याला सूर्यफुलाचं तेल चोळत होती.

"आजी, माझ्याऐवजी त्या शिकाऱ्याला पाठवा. तोंड तर झाकलेलंच असतं, कुणाला कळणार? माझे हात कापतात हो."

"तो कधी आजारी पडलाय?"

"नाही."

"मग त्याला काय ठाऊक?" म्हातारीने मुखवट्याच्या वाकड्या नाकावरून बोट फिरवलं. "हा ज्याचा चेहरा, तोही एकदा फार ताठ्यात होता. डोंगर हलवून दाखवतो म्हणाला, तर डोंगरच येऊन आदळला आणि तोंड फुटलं त्याचं. तेव्हापासून लोकांची दुखणी काढतो. जायचं नसेल तर नको जाऊस, बाळा. पण दुसऱ्याला पाठवू नकोस."

भित्रा मुखवटा चढवून बाकीच्या मुखवटेवाल्यांबरोबर गेला.

मुखवटे पाहताच मुलगी किंचाळली आणि तोंडावरून पांघरूण ओढून बसली. आईने समजावलं, दटावलं. मुखवटेवाल्यांनी खुळखुळे जोरात वाजवले, तशी ती आणखीच रडायला लागली. डोक्यावर राख फुंकायची, तर डोकंच दिसेना.

ती किंकाळी भित्र्याच्या ओळखीची होती. तो जवळ गेलाच नाही. लांबच जमिनीवर बसला. हात थरथरत होता, त्यामुळे त्याचा खुळखुळा अगदी हळू वाजत राहिला, वाळक्या शेंगा वाऱ्याने हलाव्यात तसा.

पांघरुणातून एक डोळा बाहेर आला. "आई, हा कापतोय." मग तिने त्यालाच विचारलं, "तू पण घाबरलायस?"

मुखवटा घातल्यावर बोलायचं नसतं. त्याने मान हलवली. ते भलंमोठं वाकडं नाक वरखाली झालं आणि मुलीला हसू फुटलं. तिने आपल्याच हाताने पांघरूण खाली केलं.

भित्र्याने गरम राख उचलली. हात तेव्हाही कापत होते, पण ओंजळ सुटली नाही.

दुसऱ्या दिवशी मुलगी उठून बसली. तिने मक्याची लापशी मागितली आणि पहिला घास त्या वाकड्या नाकवाल्यासाठी बाजूला काढून ठेवला.

"काय रे," शिकाऱ्याने विचारलं, "गेली का भीती?"

"नाही," भित्रा म्हणाला. "कामाला येते ती तिथे."

तात्पर्य: ज्याने आपली भीती लपवली नाही, त्यालाच दुसऱ्याच्या भीतीजवळ बसता येतं.