काकू दिसत नाहीत

एकदा एक वैमानिक आपल्या मुलीला भेटायला निघाला होता. त्याचे नाव श्रीरंग. तो मालवाहू विमान चालवीत असे. प्रवाशांच्या विमानात निदान वैमानिकाच्या चेहऱ्याकडे कुणी पाहते. खोक्यांना डोळे नसतात. औषधे, यंत्रांचे सुटे भाग, लग्नसराईतली फुले घेऊन तो रात्रभर उडे आणि दिवसा परगावच्या हॉटेलात पडदे ओढून पडून राही. झोप येऊ लागे तोवर उठायची वेळ झालेली असे. कंपनीत माणसे कमी आणि फेऱ्या जास्त, त्यामुळे ‘आजचा दिवस सांभाळून घ्या’ हे वाक्य रोजचेच झाले होते.

मुलगी ओवी सहा वर्षांची. ती आईजवळ यवतमाळला. दीड महिन्यात त्याने तिला पाहिले नव्हते. तिचा पुढचा दात पडल्याचे त्याला फोनवर कळले, आणि ते बोळके हसू पाहण्याची त्याला अशी ओढ लागली की ढगांवरून जातानाही दुसरे काही मनात येईना.

त्या दिवशी पहाटे तो नागपूरला उतरला. पुढचे उड्डाण रात्री दहाला होते. जायला तीन तास, यायला तीन तास, मधला वेळ ओवीचा. एका मित्राची मोटार मागून घेऊन तो निघाला.

वाटेत सेलूला त्याचे गुरू राहत. त्यांनीच त्याला विमान चालवायला शिकवले होते. पंचाहत्तरी उलटलेले ते वृद्ध गृहस्थ अंगणात झाडांना पाणी घालीत होते.

“पाच मिनिटं बसतो, सर. घरी पोचायचंय.”

“झोपला आहेस का?”

“मी अगदी ठीक आहे. सवय झालीय आता.” श्रीरंगाने घरात डोकावून पाहिले. “काकू दिसत नाहीत? त्यांच्या हातचा चहा घेऊनच निघेन म्हणतो.”

वृद्ध गृहस्थ क्षणभर त्याच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी हातातली झारी खाली ठेवली. “गाडीची किल्ली दे. उन्हात उभी आहे, सावलीत लावतो.”

श्रीरंगाने किल्ली दिली आणि तो आत गेला. खिडकीतून पाहतो तो सर गाडीजवळ गेलेच नाहीत. किल्ली खिशात घालून सरळ रस्त्याने चालू लागले. त्याला काही उमजेना. हाक मारायला बाहेर जावे, त्याआधी क्षणभर म्हणून तो दिवाणावर टेकला.

डोळे उघडले तेव्हा पाच वाजायला आले होते. अंगावर चादर होती. सर समोरच्या खुर्चीत बसलेले होते.

“हे काय केलंत, सर?” तो ताडकन उठून बसला. “पोरगी वाट बघत बसली असेल. दीड महिना मी या एका दिवसावर काढला होता.”

“तुझ्या घरी मी फोन केला. तू सुखरूप आहेस, झोपला आहेस, एवढं सांगितलं. पोरगी रडली, तेही खरं आहे.” त्यांनी खुर्ची जवळ ओढली. “श्रीरंग, सकाळी तू मला काकू कुठे आहेत म्हणून विचारलंस.”

 हळूहळू श्रीरंगाच्या चेहऱ्यावरचा राग ओसरला. दोन वर्षांपूर्वी काकूंच्या तिरडीला त्याने स्वतः खांदा दिला होता.

“मला… मला आठवतच नाही, मी असं विचारल्याचं.”

“विचारलंस. आणि इतक्या सहज, की क्षणभर मलाही वाटलं, आता ही आतून ओ देईल.” सरांनी नजर दाराकडे वळवली, थोड्या वेळाने ती परत आणली. “त्यासाठी मी तुला दोष देत नाही. पण ऐक. ज्या आवाजात तू काकूंना विचारलंस, त्याच आवाजात ‘मी ठीक आहे’ म्हणालास. दोन्ही वाक्यं सारखीच ठाम होती. पाय जड होतात, डोळे मिटतात, ते सारं पुढचं. थकवा आधी आपल्या आतल्या साक्षीदाराला झोपवतो. मग आपण ठीक आहोत की नाही, हे सांगणार कोण? तुला पोरीची ओढ आहे, म्हणून तू गाडी हाकली असतीस. रात्री कर्तव्य आहे, म्हणून विमान हाकलं असतंस. दोन्ही ओढी चांगल्या आहेत. पण रस्त्याला त्यांची ओळख नसते, आकाशालाही नसते.”

 श्रीरंगाने कंपनीला फोन लावला.

“आजचं विमान मी नेऊ शकत नाही. मी थकलो आहे.”

पलीकडचा अधिकारी वैतागला. “आता? पाच तास राहिलेत फक्त. लेखी द्यावं लागेल तुम्हाला.”

“देतो.”

इतक्या वर्षांत ‘मी थकलो आहे’ हे शब्द त्याने प्रथमच लिहिले. लिहिताना लाज वाटली. पाठवल्यावर वाटली नाही. माल सकाळी दुसऱ्या वैमानिकांनी नेला. श्रीरंगाला खुलासा द्यावा लागला, तीन दिवसांची रजा मिळाली, तीही बिनपगारी. ती रात्र तो सरांकडेच झोपला आणि दुसऱ्या दिवशी, उन्हे वर आल्यावर, यवतमाळला पोचला.

ओवी धावत आली नाही. आईच्या पाठीमागे अर्धी लपून ती त्याला न्याहाळत राहिली. तो पायरीवर बसला आणि वाट पाहू लागला. थोड्या वेळाने ती जवळ आली.

“बाबा, तू किती दिवस आहेस?”

पूर्वी तो म्हणाला असता, खूप दिवस. आज म्हणाला, “दोन. आणि त्यातली आजची दुपार मी झोपणार आहे. अजून थकवा गेला नाही माझा.”

ओवीने थोडा विचार केला. मग ती हसली, दातांच्या खिडकीसकट, आणि त्याचा हात धरून त्याला आत नेऊ लागली.

“मग मीपण झोपते,” ती म्हणाली.