उघड्या डोंगराचं मागणं

ही फार जुन्या काळची गोष्ट. त्या दोन मुलखांची नावं आता कुणाला आठवत नाहीत, पण तिथे काय घडलं ते माणसं अजून एकमेकांना सांगतात.

एक मुलूख नदीकाठी होता. तिथला राजा बलाढ्य, नगर देखणं. दुसरा मुलूख वर डोंगरात होता. तिथे ना राजा होता ना नगर. सागाचं आणि शिसवाचं दाट रान होतं, आणि त्या रानाच्या आधाराने नाचणी पिकवून राहणारी माणसं होती.

नदीकाठच्या राजाला महाल बांधायचा होता. त्याने वर सैन्य पाठवलं. सैन्याने डोंगर जिंकला आणि तिथल्याच माणसांच्या हातात कुऱ्हाडी दिल्या. आपलं रान त्यांनी आपल्याच हातांनी तोडलं, ओंडके खांद्याला दोर लावून ओढले, आणि कितीतरी जण त्या ओंडक्यांखालीच गेले. राजामागून मुलगा गादीवर आला, मुलामागून नातू. तोड थांबली नाही. खाली आधी महाल उभा राहिला, मग सरदारांच्या हवेल्या, मग व्यापाऱ्यांच्या माड्या.

तोडण्याजोगं काही उरलं नाही तेव्हा सैन्य डोंगर उतरलं. जाताना सेनापती म्हणाला, "आजपासून तुम्ही मोकळे. तुमचा डोंगर तुम्हाला लखलाभ."

पण झाडं नसलेल्या डोंगराला माती धरवत नाही. दर पावसाळ्यात ती वाहून जाऊ लागली. झरे आटले. नाचणीची कणसं बारीक होत गेली. वर माणसं अर्धपोटी जगत राहिली, आणि खालची माणसं म्हणू लागली, "त्यांना राज्य चालवता येत नाही, दुसरं काय?"

पुढे नदीकाठी नवा राजा आला. जुन्या राजाचा तो पणतू. तरुण होता, मनाने हळवा होता. त्याने दवंडी पिटवली, की माझ्या घराण्याने कुणावर अन्याय केला असेल तर त्याने निर्भयपणे येऊन सांगावं.

दवंडी डोंगरापर्यंत पोहोचली. तिथल्या सगळ्यांत थोरल्या पाड्यावर येसाक्का नावाची म्हातारी होती. तिचा शब्द सगळे मानत. तिने आपल्या भाच्याला, केरबाला, सोबत घेतलं. केरबा बायकोमुलांना पाड्यावर ठेवून निघाला.

दरबारात येसाक्का हात जोडून उभी राहिली. तिने रानाची गोष्ट सांगितली, ओंडक्यांखाली गेलेल्या माणसांची सांगितली. राजा सिंहासनावरून उतरून तिच्यासमोर आला. त्याचे डोळे भरले होते.

"आजी, तुला काय हवं ते माग," तो म्हणाला.

"रान परत द्या असं म्हणत नाही, महाराज. ते कुणालाच देता यायचं नाही. उतारांवर दगडी बांध घालायला माणसं द्या. रोपं द्या. आणि रोपं मोठी होईस्तोवर आमच्या लोकांना खायला धान्य द्या. उपाशी माणूस झाडाची राखण करत नाही, तेच तोडून चुलीत घालतो. पण जे द्यायचं ते पावसाळ्याआधी द्या. आमच्या पाड्याच्या वरचा कडा फाटलाय."

"दिलं," राजा म्हणाला.

तेवढ्यात प्रधान पुढे आला. तो दुष्ट नव्हता, नुसता हुशार होता. "महाराज, आपलं मन मोठं आहे. पण ज्यांनी तोडलं ते कधीच वारले. ज्यांचं तोडलं तेही वारले. मेलेल्यांचं मेलेल्यांना कुणी आणि का द्यायचं?"

येसाक्काने दरबाराच्या सागवानी छताकडे पाहिलं. "तोडणारे गेले खरे, प्रधानजी. पण ऊन तर अजून तुम्हाला लागत नाही."

सरदारांमधली कुजबुज नगरात गेली, आणि दुसऱ्या दिवशी महालासमोर गर्दी जमली. गर्दीत सरदार नव्हते. कुंभार होते, कोष्टी होते, हमाल होते. एक कुंभारीण येसाक्काला म्हणाली, "आक्का, मी झोपडीत राहते. माझ्या घरात सागाची काठीसुद्धा नाही. मग माझ्या लेकरांच्या तोंडचं धान्य तुझ्याकडे का जावं?"

"तुझ्या लेकरांचं नको, बाई," येसाक्का म्हणाली. "ज्यांच्या हवेल्या आहेत त्यांच्या कोठारातलं मागतेय मी. त्यांनी तुला पुढे केलं आणि ते घरात बसले."

कुंभारणीला ते पटलं असावं. ती मान खाली घालून निघून गेली. पण गर्दी हलली नाही, आणि राजा गर्दीला घाबरला.

त्याने पंडितांची सभा बसवली. झाड तोडणं हा गुन्हा की तेव्हाचा रिवाज? किती द्यावं म्हणजे पुरे? थोरल्या पाड्याला द्यावं की सगळ्या डोंगराला? आज दिलं तर उद्या आणखी कोण दारात येईल? पंडित विद्वान होते. प्रत्येक प्रश्नातून ते दुसरा प्रश्न काढत.

येसाक्का आणि केरबा धर्मशाळेत थांबले. त्यांना रोज ताटभर जेवण मिळे. केरबाला घास उतरत नसे.

"आत्या, ढग यायला लागले. परत जाऊ या."

"हात हलवत जायचं? माणसं वाट बघतायत, केरबा. आणखी थोडं थांबू."

अखेर सभेचा निर्णय झाला. नगराच्या वेशीवर एक दगडी स्तंभ उभारायचा, त्यावर घराण्याची क्षमायाचना कोरायची, आणि दरवर्षी त्या दिवशी सगळ्या नगराने उपास करायचा. धान्याचा विचार सवडीने होईल.

स्तंभाच्या पूजेला येसाक्काला मानाने बोलावलं. तिला शालश्रीफळ दिलं. राजाने सगळ्यांसमोर तिचे पाय धरले. लोक गहिवरले. कित्येकांना वाटलं, आपण किती चांगली माणसं आहोत.

"आजी, आम्हाला माफ केलंस ना?" राजाने विचारलं.

"मी एकटी कशी करू, महाराज? वरच्यांना विचारून सांगते."

ती दोघं भर पावसात डोंगर चढली. पाड्याच्या वळणावर आली तेव्हा केरबा आधी थांबला. समोर पाडा नव्हता. कडा खाली आला होता. घरं, गोठे, माणसं, सगळ्यावर लाल चिखल पसरला होता. दुसऱ्या पाड्यांवरची माणसं भिऊन केव्हाच परमुलखात निघून गेली होती.

केरबाने हातांनी चिखल उपसायला सुरुवात केली. बायकोला हाका मारत तो उपसत राहिला. बोटं सोलवटली तरी थांबेना. येसाक्काने त्याला अडवलं नाही. पाऊस उघडल्यावर एक दिवस तो उठून चालू लागला, आणि पुन्हा कधी कुणाला दिसला नाही.

इकडे राजाला झोप लागेना. पंडितांना, प्रधानाला, गर्दीला न जुमानता त्याने शेवटी आपल्या कोठारातलं धान्य गाड्यांत भरलं, रोपं घेतली, गवंडी घेतले आणि तो स्वतः वर आला. त्याला दरडीजवळ एका दगडावर येसाक्का बसलेली दिसली.

"आजी, मी आणलंय सगळं," तो म्हणाला.

तिने मूठभर दाणे हातात घेऊन पाहिले. "धान्य चांगलं आहे, महाराज. खाणारं कुणी नाही."

"मग तू तरी घे. आणि एवढं सांग, आम्हाला माफ केलं का?"

"विचारते म्हटलं होतं मी," येसाक्का म्हणाली. "पण विचारायचं कुणाला? ती सगळी इथे खाली आहेत."

राजाने रोपं लावली. राखायला माणूस नव्हता, उन्हाळ्यात ती जळून गेली. त्याच्याही आधी, हिवाळा लागण्यापूर्वीच, येसाक्का गेली होती. तिला अग्नी द्यायला जवळपास लाकूडही नव्हतं.

गाड्या भरल्या तशाच नगरात परतल्या. ते पाहून लोक म्हणाले, "बघा, आपण द्यायला गेलो होतो. त्यांनीच घेतलं नाही." दरवर्षीचा उपास मात्र नगर अजून मोठ्या श्रद्धेने करतं.

तात्पर्य: ज्याच्याकडून घेतलं तो जिवंत आहे तोवर परत केलं नाही, तर मागितलेली क्षमा फक्त मागणाऱ्याच्याच उपयोगी पडते.