'चालेल' म्हणणारी मुलगी

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. नक्की किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका. मला ते माहीत नाही, आणि ही गोष्ट सांगायला बसलो की मी आधीच वैतागलेला असतो.

एका नदीकाठी एक गाव होतं. तसं गाव चांगलं होतं. विहिरींना पाणी होतं, अंगणं झाडलेली असायची, माणसं एकमेकांना धरून होती. गावाला खोड एकच. तिथे कोणी 'हवं' म्हणत नसे आणि कोणी 'नको'ही म्हणत नसे. 'हवं' म्हणणारा हावरट ठरायचा आणि 'नको' म्हणणारा उद्धट. म्हणून सगळा गाव एकाच शब्दावर भागवायचा. तो शब्द म्हणजे 'चालेल'.

उन्हातून आलेल्या पाहुण्याला ताक विचारलं, की तो म्हणायचा, "चालेल." तहानेने घसा कोरडा पडला असला तरी तेवढंच. जेवताना पोट तट्ट भरलं आणि कोणी आणखी एक भाकरी वाढू लागलं, तरी "चालेल." मग तो बिचारा डोळ्यांत पाणी आणून ती भाकरी संपवायचा, आणि वाढणारी आत जाऊन कुजबुजायची, "केवढं खातो हा माणूस!" नवऱ्या मुलाला विचारलं, मुलगी पसंत आहे का, तर "चालेल." मुलीला विचारलं, तर तिचंही "चालेल." आणि संसार चालायचेही. रखडत रखडत, पण चालायचे.

गावाबाहेरच्या माळावर एक पाठशाळा होती. पहिल्या वर्षी सगळ्या मुलांना सगळंच शिकावं लागे. थोडं व्याकरण, थोडं गणित, थोडं गाणं, थोडे ग्रहतारे. दुसरं वर्ष सुरू होण्याआधी निवडीचा दिवस यायचा. त्या दिवशी प्रत्येक शिक्षक पाण्याचा घडा घेऊन आपापल्या झाडाखाली बसे. ज्याला जो विषय घ्यायचा असेल त्याने त्या झाडाखाली जायचं. शिक्षकाने विचारायचं, "माझा विषय तुला हवा का?" जुळलं, की शिक्षक घड्यातलं पाणी मुलाच्या ओंजळीत ओतत. पाणी प्यायलं की पाठशाळा संपेपर्यंत तोच विषय. मग बदलून मिळत नसे. आणि झाडाच्या सावलीत मावतील तेवढीच मुलं घ्यायची, असाही नियम होता.

त्या वर्षी पहिलं वर्ष संपवणाऱ्यांत एक मुलगी होती. तिचा सगळा जीव गुरांत. गाभण गाईच्या पोटाला कान लावून ती तासन् तास बसायची. एखाद्या वासराच्या खुरात काटा मोडला, तर काढायला शेजारीपाजारी तिलाच हाक मारायचे. आणि नेमकी त्याच वर्षी नदीपलीकडच्या मुलखातून गुरांची एक वैदीण पाठशाळेत शिकवायला आली. विषय जणू हिच्यासाठीच काढलेला! मुलीला तो इतका हवा होता, की झोपेतून उठल्यापासून तिच्या मनात दुसरं काही येत नसे. पण हे तिने कोणाला सांगितलं? कोणालाही नाही. सांगायचं तर 'हवा' म्हणावं लागलं असतं ना!

निवडीचा दिवस जवळ आला तशी घरात चर्चा सुरू झाली. आत्या निवडलेले तांदूळ सुपात ओढत म्हणाली, "ग्रहतारे घेतेस का गं? मुहूर्त काढून देणाऱ्याला चार घरी मान असतो."

"चालेल," मुलगी म्हणाली.

वडिलांनी मान वर केली. "ग्रहतारे? बरं. चालेल."

आई चुलीपाशी होती. तिला कोणी विचारलं नव्हतं, पण तीही म्हणाली, "मला काय, चालेल."

दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर मैत्रीण भेटली. "मी गाण्याला जातेय. तूही चल ना, शेजारी शेजारी बसू." मुलगी म्हणाली, "चालेल." वाटेत शेजारचे काका भेटले. त्यांनी तिला थांबवून व्याकरणाचे फायदे सांगितले. तिने डोक्यावरचा हंडा सावरत सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "चालेल, काका."

आता तुम्हीच सांगा, हे असं कसं चालेल? पण गोष्टीतल्या माणसांवर आपण कितीही ओरडलो तरी त्यांना ऐकू येत नाही. मी पुष्कळदा ओरडून पाहिलं आहे.

निवडीचा दिवस उजाडला. सगळा गाव माळावर लोटला. ग्रहताऱ्यांचे गुरुजी भल्यामोठ्या वडाखाली बसले होते आणि त्यांची सावली रिकामीच होती. वैदीण नवी, म्हणून तिच्या वाट्याला शेवग्याचं झाड आलं होतं. शेवग्याची सावली ती काय! तीत आता एकाचीच जागा उरली होती.

मुलगी सरळ शेवग्याकडे निघाली. आत्याने वडाकडे बोट केलं, मैत्रिणीने आंब्याखालून हात हलवला, तरी ती शेवग्याकडेच गेली. एवढं श्रेय तिला द्यायला हवं, आणि ते मी देतो.

वैदीणबाईंनी तिच्याकडे बघितलं. हातांवरचे काट्यांचे ओरखडे बघितले. त्यांना बहुधा बरं वाटलं, कारण त्यांनी लगेच घडा उचलला. "माझा विषय तुला हवा का?"

आजूबाजूला गावातल्या बायका उभ्या होत्या. तिने ओठ उघडले.

"चालेल," ती म्हणाली.

बाईंनी घडा खाली ठेवला. "पोरी, हा शब्द मी लंगड्या बैलाबद्दल वापरते. बैलाचा पाय बांधून झाला की मालक विचारतो, बाई, कसा आहे? मी म्हणते, चालेल. म्हणजे गोठ्यापासून पाण्यापर्यंत जाईल, पण नांगराला जुंपू नका. तुला कोणी पाठवलंय का माझ्याकडे?"

"नाही."

"मग तुझी तू आलीस. म्हणजे तुला हा विषय हवाय?"

किती सोपं करून दिलं होतं बाईंनी! नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. पण मुलगी काय म्हणाली? ती म्हणाली, "तुम्हाला चालत असेल, तर मलाही चालेल."

बाईंनी तरीही तिला घालवून दिलं नाही. त्या म्हणाल्या, "हे बघ, गाय अडली तर कडाक्याच्या थंडीत उठून जावं लागतं. हात कोपरापर्यंत बरबटतात. जनावर लाथ मारतं ते वेगळंच. ज्याला हे मनापासून हवं असतं तोच टिकतो. जागा एकच आहे. नीट सांग."

मुलीचे डोळे भरून आले. ते हवंच होतं तिला! थंडी, घाण, लाथ, सगळं हवं होतं. पण जो शब्द तिने जन्मात कधी वापरला नव्हता, तो आज आणायचा कुठून?

"काहीही चालेल," ती हळूच म्हणाली.

तेवढ्यात मागून एक मुलगी धावत आली. ती परगावची होती, शिकायला मामाकडे राहिली होती. "बाई, मला हवाय! मला तुमचाच विषय हवाय, दुसरा नको!"

बायकांनी नाकं मुरडली. "काय बाई हावरट पोर!" पण वैदीणबाईंनी एकदा पहिल्या मुलीकडे बघितलं आणि मग परगावच्या मुलीच्या ओंजळीत पाणी ओतलं. शेवग्याची सावली भरली.

मुलगी उन्हात उभी राहिली. आत्याने येऊन तिचा हात धरला आणि तिला वडाखाली नेलं. गुरुजींनी विचारलं, "माझा विषय तुला हवा का?" ती म्हणाली, "चालेल." गुरुजी याच गावचे, त्यांना तेवढं पुरेसं होतं. त्यांनी पाणी ओतलं, तिने ते प्यायलं, आणि निवड झाली.

घरी जाताना वडील म्हणाले, "चला, मनासारखं झालं ना?"

आणि मुलगी रस्त्यातच रडायला लागली. "आबा, मला गुरांचं शिकायचं होतं."

वडील जागच्या जागी थांबले. "मग बोलली का नाहीस? अगं, मला तर तेच आवडलं असतं! आपला गोठा भरलेला, घरात कोणीतरी जाणतं असावं असं माझ्या कितीदा मनात यायचं."

"मग तुम्ही ग्रहतारे का म्हणालात?"

"मी कुठे म्हणालो? तुझी आत्या म्हणाली. मी आपलं चालेल म्हटलं."

दोघांनी आत्याकडे बघितलं. आत्या गोंधळून गेली. "अरे, मी सहज विचारलं! तांदूळ निवडताना काहीतरी बोलायचं म्हणून बोलले. तुम्ही दोघांनी पटकन चालेल म्हटलंत, मला वाटलं तुमच्या मनातलंच माझ्या तोंडून आलं."



वर्ग सुरू झाले. भल्यामोठ्या वडाखाली गुरुजी आणि ती, दोघंच. पलीकडे शेवग्याखाली कोणाचं तरी वासरू आणलं होतं. परगावची मुलगी त्याचं तोंड उघडून बघत होती आणि बाकीची मुलं हसत होती. मुलगी तिकडेच बघत बसली.

थोड्या वेळाने तिने विचारलं, "गुरुजी, तुम्हाला ग्रहतारे फार आवडतात का हो?"

गुरुजींनी आंब्याकडे बघितलं. तिथे गाण्याचा वर्ग चालला होता. ते म्हणाले, "मला गाणं शिकवायचं होतं गं. मोठ्या गुरुजींनी विचारलं, ग्रहतारे चालतील का? मी म्हटलं, चालतील. त्याला आता वीस-बावीस वर्षं झाली."

मग गुरुजींनी घसा साफ केला. "बरं, सुरू करायचं?"

"चालेल," मुलगी म्हणाली.

लहानांनी ऐकावं आणि मोठ्यांनी त्याहून नीट ऐकावं: जे हवं ते 'हवं' म्हणून मागा, कारण जिथे सगळेच 'चालेल' म्हणतात, तिथे प्रत्येकाच्या वाट्याला कोणालाच नको असलेलं येतं.