माहेरचा दगड

फार फार जुनी गोष्ट. एका राज्यात घाटातून पक्का रस्ता बांधायचं ठरलं आणि गावोगावचे दगड राजाच्या परीक्षाघरात येऊ लागले.

तिथली पारखीण मोठी कडक. आधी ती दगडाची खडी पिंपात लोखंडी गोळ्यांबरोबर गरगर फिरवी. मग मिठाच्या पाण्यात भिजवी, उन्हात वाळवी, पुन्हा भिजवी. मीठ भेगांत शिरून बसलं की कच्चा दगड आतून फुटलाच म्हणून समजा. मिठाजवळ कुणाचा वशिला चालतो होय?

एके दिवशी तिचा धाकटा भाऊच गाडीभर दगड घेऊन आला. ज्या गावचा दगड लागेल, त्या गावचं नाव घाटाला मिळणार होतं.

"ताई, आपल्याच खाणीचा आहे. यात बघायचं काय?"

"माहेरचा आहे, म्हणून तर नीट बघते," ती म्हणाली.

दगड पिंपात टिकला. मिठात मात्र त्याचा भुगा झाला. तिने नकार दिला.

"गावाचं नाक कापलंस तू!" म्हणत भाऊ तरातरा निघून गेला.

त्या वर्षी भाऊबीजेला तो फिरकला नाही. ताट सजवून ती दारात वाट बघत बसली आणि शेवटी एकटीच रडली. पण निकाल काही तिने बदलला नाही.

इकडे भाऊ इरेला पेटला. ताईला खोटं पाडायचंच, म्हणून त्याने गावाला हाताशी धरून खाण आणखी खोल खणली. ऊनपावसाने पोखरलेला वरचा थर संपला आणि खाली काळा कुळकुळीत पाषाण लागला.

"घे, आता कर नापास!"

तिने तोही तितकाच फिरवला, तितकाच भिजवला. फार तर चिमूटभर पूड निघाली. तिने होकार दिला.

दरबारात कुजबुज झाली, "शेवटी माहेरचाच दगड की हो!"

राजा हसला. "जिने माहेरालाही परत पाठवलं, तिच्या होकारावर शंका कसली?"

रस्ता झाला आणि घाटाला त्यांच्या गावाचं नाव मिळालं. पहिला पावसाळा धो धो कोसळला, जड गाड्या धावल्या, पण खडी जागची हलली नाही. त्या भाऊबीजेला भाऊ त्याच घाटातून आला. भेटेल त्याला सांगत आला, "हा आमच्या गावचा दगड! माझ्या ताईने पारखलेला!"

ओवाळून झाल्यावर त्याने ताटात त्या काळ्या दगडाची एक खडी ठेवली. सोन्याची ओवाळणी मिळाली असती, तरी ताई इतकी हरखली नसती.

तात्पर्य: जो आपल्या माणसालाही 'नाही' म्हणू शकतो, त्याच्याच 'हो'ला मोल असतं.